एका घरात दोन मालती

माझ्या वर्गात तीन सुनीता होत्या, दोन संगीता, दोन अनिता, आणि मालती मी एकटीच. बाई हजेरी घेताना माझ्या नावाशी आल्या की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणायचं, "आज्जी, हजर." मला भयंकर राग यायचा. घरी येऊन मी दप्तर आपटायचे आणि आईला विचारायचे, की जगात इतकी नावं असताना हे म्हातारीचं नाव तुम्हाला कुणी सुचवलं? आई भाकरी थापत असायची. ती थापणं थांबवायची नाही, वरही बघायची नाही. "तुझ्या बाबांना विचार," एवढंच म्हणायची. बाबांना विचारलं की ते वही काढायचे. म्हणजे प्रश्नाचं उत्तर राहायचं बाजूला आणि माझा तासभर त्या वहीत जायचा. म्हणून मग मी विचारणंच सोडून दिलं.

आमचं घर मुलुंडला, स्टेशनापासून पश्चिमेला पंधरा मिनिटांवर, एका बैठ्या चाळीत. दीड खोली, पुढे पडवी, पडवीत आईची तुळस आणि बाबांची सायकल. आज तिथे तेवीस मजली टॉवर आहे आणि मी त्याच्या नवव्या मजल्यावर बसून हे लिहिते आहे, पण कधी दुपारी डोळा लागला की मला अजून कारखान्याचा भोंगाच ऐकू येतो. तीन भोंगे व्हायचे, आणि आई त्यांच्यावरच स्वयंपाक करायची. पहिल्याला कुळथाच्या पिठीचा टोप उतरायचा, दुसऱ्याला भात. घड्याळ होतं, पण ते बाबांच्या लग्नात आलेलं म्हणून भिंतीवर. त्याच्यावर विश्वास कुणाचाच नव्हता. सुका जवळा भाजायला घेतला की शेजारच्या सोनवणेमावशी पडवीतूनच ओरडायच्या, "वहिनी, आमची पण वाटी ठेवा हं," आणि रविवारी त्यांच्याकडून वांग्याचं झणझणीत भरीत यायचं. त्या मराठवाड्याकडच्या. आमच्या घरचं खोबरं आणि त्यांच्या घरचे शेंगदाणे असा तो व्यवहार माझं लग्न होईपर्यंत चालू होता.

बाबा एका औषधांच्या कंपनीत स्टोअरला होते. काचेच्या बाटल्या खोक्यातून यायच्या, आणि बाटल्या फुटू नयेत म्हणून मध्ये वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले असायचे. खोकी गावोगावची, म्हणून पेपरही गावोगावचे. बाबा ते बोळे घरी आणायचे, मांडीवर ठेवून हाताने सपाट करायचे आणि वाचायचे. आमच्या घरी बातम्या नेहमी शिळ्या यायच्या. इकडे सगळ्यांच्या आंब्याच्या पेट्या संपल्या की आमच्याकडे संक्रांतीच्या तिळगुळाची बातमी. पण बाबा बातम्या वाचत नव्हते, ते नाव शोधत होते. कुठे 'मालती' छापलेलं दिसलं की कात्री.

त्या कात्रणांची ती वही. निळ्या कापडी पाठीची, जाडजूड, कंपनीच्या स्टोअरमधूनच आलेली. तिचे नियम बाबांनी ठरवलेले होते आणि ते कोर्टापेक्षा कडक. जाहिरात चालणार नाही. निधनाची बातमी चालणार नाही. लग्नाची तर नाहीच नाही. "तिने काहीतरी केलं म्हणून नाव छापून आलं असेल तर घ्यायचं," बाबा म्हणायचे, "कुणाची तरी कुणीतरी म्हणून आलं असेल तर नाही." रविवारी दुपारी जेवणं झाली की आई मैद्याची खळ शिजवून द्यायची. पहिल्या वर्षी झुरळांनी अर्धी पानं खाल्ली, तेव्हापासून ती खळीत चिमूटभर मोरचूद टाकायची आणि मला दटावायची, बोट तोंडात घालू नकोस म्हणून. खळीचा तो निळसर वास आणि बाहेर पत्त्यांचा डाव मांडलेल्या पुरुषांचा गलका, माझा रविवार म्हणजे एवढंच.

आता मालत्या सांगते. आडनावं बाबा लक्षात ठेवत नसत, गाव ठेवत. मिरजेची मालती डोळ्यांची डॉक्टर. नागपूरची मालती पोहण्यात पहिली. सोलापूरची न्यायाधीश झालेली. पुण्याची कुठल्याशा जुन्या पोथ्या लावून त्यांचा अर्थ सांगणारी. बार्शीच्या मालतीने नवऱ्यामागे ट्रक चालवून घर सांभाळलेलं. तिचा फोटोही होता, हात स्टिअरिंगवर, पदर खोचलेला. आणि गोव्याकडची एक, तबला वाजवणारी. बाबांना या सगळ्या आपल्या नात्यातल्या वाटायच्या. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंना तर त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं की तुमच्या नावाची माझी मुलगी आहे, आशीर्वाद असावा. पंधरा दिवसांनी बाईंचं उत्तर आलं, मुलीला डोळे तपासायला घेऊन या. बाबांनी तेही वहीत चिकटवलं. त्या तबलेवालीपायी मला त्यांनी पाच रस्ता नाक्यावरच्या एका तबल्याच्या मास्तरांकडे घातलं. चौथ्या दिवशी मास्तर मला स्वतः घरी सोडायला आले आणि बाबांना म्हणाले, "मुलगी गुणी आहे हो. दुसरं काहीतरी शिकवा."

एकदा मात्र पंचाईत झाली. एका बोळ्यातून नाशिककडची मालती निघाली, जिने डॉक्टर असल्याचं खोटं सांगून दोन वर्षं लोकांना औषधं दिली आणि पकडली गेली. बाबा रविवारभर कात्रण हातात घेऊन बसले. नियमाप्रमाणे बाई कामानेच छापून आली होती. शेवटी आई चुलीपासून म्हणाली, "लावून टाका. सगळ्या मालत्या शहाण्या कशा असतील?" बाबांनी लावलं. मला तेव्हा गंमत वाटली, कारण आई वहीबद्दल कधी बोलायची नाही. खळ करून द्यायची, बस्स.

वहीच्या पहिल्या पानावर एकच कात्रण होतं, सगळ्यांत जुनं, बिडीच्या पानासारखं तपकिरी झालेलं. तीन ओळी. कुणी एक कुमारी मालती सातवीच्या परीक्षेत केंद्रात पहिली आली, तिचं हेडमास्तरांनी अभिनंदन केलं, वगैरे. मी लहानपणी विचारलं होतं ही कोण. बाबा म्हणाले, "मालवणकडची मालती." पुढे काय झालं तिचं? "पुढे काही छापून आलं नाही," म्हणाले आणि पान उलटलं.

खरं सांगू? मला ती वही आवडायची नाही. परीक्षेत कमी पडले की बाबा रागवत नसत, नुसते म्हणत, "मिरजेची मालती काय एका दिवसात डॉक्टर झाली असेल?" त्यापेक्षा दोन फटके परवडले असते. मी अकरावी झाले, टायपिंग शिकले, भांडुपला एका कंपनीत टायपिस्ट लागले. पहिल्या दिवशी चाळभर पेढे वाटताना बाबांचा चेहरा एवढा फुलला होता, आणि मला मात्र वाटत होतं की टायपिस्ट झाली म्हणून कुणाचं नाव छापून येत नाही. वहीचं शेवटचं पान बाबांनी कोरं ठेवलं होतं. ते कुणासाठी, हे कुणी बोलत नव्हतं, पण मला ते दिसत होतंच ना.

मग अशोकचं स्थळ आलं. घाटकोपरचे, मूळचे रत्नागिरीकडचे, मुलगा ड्राफ्ट्समन. बघायला आले तेव्हा बाबांनी, येईल त्या पाहुण्याला दाखवायचे तशी, त्यालाही वही दाखवली. मला वाटलं, झालं, वाट लागली. लोक चार पानं चाळून "वा वा" म्हणायचे आणि चहाकडे वळायचे. अशोकने वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. पोहे गार झाले. ट्रकवाल्या मालतीपाशी तो थांबला आणि बाबांना म्हणाला, "ही भारी आहे." मग शेवटचं कोरं पान बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. मला तो तेव्हाच आवडला. आता त्याला जाऊन सहा वर्षं झाली, पण पोहे गार झालेली ती बशी मला अजून दिसते.

बोलणी करायला ते पुन्हा आले तेव्हा त्याचे आईवडील होते आणि थोरली वहिनी होती. सोनवणेमावशींकडून खुर्च्या आणल्या होत्या. आईने घावणे आणि नारळाचा रस केला होता, पहाटेपासून तिची विळी चालू होती. तारीख ठरली, हॉल ठरला, मानपानावरून थोडी ओढाताण होऊन तीही मिटली. मग माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी बशी खाली ठेवली.

"आता एकच राहिलं. नावाचं. आमच्याकडे तांदळावर नाव लिहायची रीत आहे, तुमच्याकडेही असेलच. आमच्या थोरलीचं नाव मालतीच आहे. एका घरात दोन मालती कशा चालतील? एक हाक मारली की दोघी उठतील. आम्ही अनुराधा ठरवलंय."

रीत मला ठाऊक होती. नव्या सुनेला पाटावर बसवायचं, ताटात तांदूळ पसरायचे, त्यावर नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहायचं, की जुनं संपलं. माझ्या मैत्रिणींपैकी दोघींची नावं अशी गेली होती आणि मी त्यांच्या लग्नात हसत पेढे खाल्ले होते. अनुराधा. किती छान नाव, माझ्या वर्गातल्या पोरींना आवडलं असतं. आणि तरी, इतकी वर्षं ज्या नावाचा राग राग केला, ते आता जाणार म्हटल्यावर मला ते हवं होतं. मिरजेची, सोलापूरची, बार्शीची, सगळ्यांतून मला कुणीतरी उठवून लावतंय असं वाटलं. पण बोलले नाही. अशोक हवा होता ना. बाबांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, नजर फरशीवर. "तुमच्याकडची जी रीत असेल..." एवढं म्हणून ते थांबले.

आई आतून आली. आमच्या आईने तोपर्यंत बोलण्यांत कधी तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिने पदराला हात पुसले आणि माझ्या जाऊबाईंना विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय गं?"

जाऊबाईंनी सासूबाईंकडे बघितलं. मग हळू म्हणाल्या, "पुष्पा."

"मग बदललंत कशाला?" आईने सासूबाईंना विचारलं.

"पुष्पा माझी नणंद ना. ती तेव्हा घरातच होती," सासूबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं. सासरे खो खो हसत सुटले. "म्हणजे मालती आपल्याकडे नव्हतीच गो. आपणच आणली."

आई हसली नाही. तिने कपाटावरची वही काढली, पहिलं पान उघडून अशोकच्या पुढ्यात धरलं आणि म्हणाली, वाच. त्याने वाचलं. कुमारी मालती, सातवी, केंद्रात पहिली.

"ही मी," आई म्हणाली.

मी वीस वर्षं त्या पानावर बोट फिरवत होते. माझी आई सुशीला. रेशनकार्डावर सुशीला, चाळीत सुशीलावहिनी.

"आमच्या मोठ्या जाऊबाईपण मालतीच होत्या," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण भाषा गावची झाली होती, ती रागावली की व्हायची. "ताट पुढ्यात आला तेवाच कळला माका, की मी आता सुशीला. माका कोणी इचारूक नाय. हिका इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात रसाचं पातेलं होतं, ते ठेवायलासुद्धा मला सुचलं नाही. "मला माझंच नाव पाहिजे," मी म्हणाले. मग वाटलं, हे फारच तोडून झालं, म्हणून म्हणाले, "अजून रस वाढू का?"

अशोक म्हणाला, "आई, तांदळावर लिहायचं मलाच आहे ना? अनुराधा चार अक्षरं. ताटात मावायची नाहीत."

सासूबाईंना ते रुचलं नाही. "घरी जाऊन कळवतो," म्हणाल्या आणि उठल्या. घावणे तसेच राहिले.

आठ दिवस काही निरोप नाही. चाळीत कुणी विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. ऑफिसात मी एकच पत्र तीनदा टाइप करायचे. रविवार आला, आईने सवयीने खळ शिजवली, पण बाबांनी वही काढली नाही. खळीवर साय धरली. त्या दुपारी बाबा बाहेर गेल्यावर आईने मला सांगितलं, की लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तिच्या ट्रंकेत साडीच्या घडीत ते कात्रण बाबांना सापडलं होतं. ही कोण, विचारलं. मीच, ती म्हणाली. त्यांच्या आईपुढे त्यांची जीभ उचलायची नाही. पण माझ्या बारशाला आत्या कानात नाव सांगायला वाकल्या, तेवढ्यात बाबा मागून मोठ्यांदा म्हणाले, मालती. "मला विचारलंन नाही तेव्हाही," आई म्हणाली आणि हसली. "पण तेव्हा मला चाललं." मी तिला विचारलं, माझ्यापायी लग्न मोडलं तर गं? ती म्हणाली, मोडलं तर मोडलं, अशोकसारखे पन्नास मिळतील. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पोरगा चांगला आहे पण." दोघीही रडलो आणि मग तिने मला ती खळ टाकून यायला सांगितली.

नवव्या दिवशी जाऊबाई एकट्याच आल्या. पडवीतच चप्पल काढता काढता म्हणाल्या, "सासूबाईंचा निरोप आहे. थोरली मालती आणि धाकटी मालती. पण हाक मारली की दोघींनी उठायचं, एकीने दुसरीवर ढकलायचं नाही." मी त्यांच्या गळ्यातच पडले. चहा घेताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला परत पुष्पा व्हायचंय का? मी सांगेन सगळ्यांना. त्यांनी कप खाली ठेवला. "नको गं. अकरा वर्षं झाली. आता कुणी रस्त्यात पुष्पा म्हणून हाक मारली तर मी वळणारसुद्धा नाही." पुढे आमचं दोघींचं फार जमलं. आम्ही दोघीच असलो की मी त्यांना पुष्पाताई म्हणायचे. त्या ओ द्यायच्या.

अशोकने ताटात मालती लिहिलं. तांदूळ इकडेतिकडे सरकत होते, 'ल' नीट जमला नाही, तो त्याने दोनदा गिरवला.

लग्नानंतर पाचपरतावणाला आम्ही दोघं मुलुंडला आलो. आईने कोंबडीवडे केले होते, बाबा नवा शर्ट घालून पडवीत बसले होते. वही मांडीवर होती. मला वाटलं, शेवटचं पान भरलं की काय, लग्नाची बातमी चालत नाही हा नियम मोडला की काय. ते कोरंच होतं. बाबांनी पहिलं पान उघडलं होतं. त्या तपकिरी कात्रणाखाली त्यांनी पेनाने, वळणदार अक्षरात, नवीन ओळ लिहिली होती, 'सध्या मुक्काम मुलुंड.'

अशोक आणि ते काहीबाही बोलत होते. मी उंबऱ्यात बसून लसूण सोलत होते. बोलता बोलता बाबांना ठसका लागला आणि त्यांनी हाक मारली, "मालती, पाणी आण गं."

मी उठले. अंगातली सवय. आणि आतून आईपण आली, हातात तांब्या. तिचे हात पिठाचे होते, तांब्यावर पिठाची बोटं उमटली होती. आम्ही दोघी दारात समोरासमोर उभ्या. बाबांनी आयुष्यात तिला कधी नावाने हाक मारली नव्हती; ए, अगं, ऐकलंस का, यावर त्यांचा संसार चालला होता.

बाबांनी तांब्या तिच्या हातून घेतला. मला म्हणाले, "तू बस. मी हिला हाक मारली."